पानाची रुंदी वाचक ठरवतो

छापील पानं मांडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पुस्तकं, स्मरणिका, वार्षिक अहवाल. त्या कामात पानाचा आकार आधी ठरतो. डेमी तर डेमी, क्राउन तर क्राउन. समास किती, ओळींत अंतर किती, फोटो कुठे बसणार, हे मी ठरवायचं आणि एकदा छापून झालं की पुस्तक फाटेपर्यंत ते तसंच राहायचं. एका वाचनालयाने ‘तुम्हाला मांडणीतलं कळतं, आमची वेबसाइट नव्याने करून द्या’ असं म्हटलं आणि मी हो म्हणाले. इथे पानाची रुंदी माझ्या हातात नव्हती. अक्षरांचा आकारही नव्हता. कुणी बसमध्ये उभ्याने फोनवर बघणार, कुणी कचेरीतल्या मोठ्या पडद्यावर, कुणी अक्षरं दुप्पट करून. एकच मजकूर या सगळ्यांसमोर नीट उभा राहायला हवा होता.

जुनी वेबसाइट अशी होती: वर आपोआप सरकणारी मोठमोठी छायाचित्रं, खाली अध्यक्षांचं मनोगत, मग उजवीकडून डावीकडे धावणारी सूचनांची पट्टी आणि तळाशी ‘आपण अमुकावे पाहुणे आहात’ सांगणारा आकडा. वाचनालय किती वाजता उघडतं, ते ‘आमच्याविषयी’ या पानाच्या तिसऱ्या परिच्छेदात. सभासदत्वाचा अर्ज ‘डाउनलोड्स’मध्ये, स्कॅन केलेल्या पीडीएफच्या रूपात, तोही जरा तिरका.

पहिल्या बैठकीत वाचनालयाच्या समितीतल्या सगळ्यांना रंगांवर बोलायचं होतं. रंगांवर प्रत्येकाचं मत असतंच. मी बैठक संपल्यावर देवघेव काउंटरवरच्या ताईंकडे गेले आणि म्हटलं, “फोन आला की लोक काय विचारतात, तेवढं एका वहीत लिहून ठेवाल का?”

“त्यात लिहिण्यासारखं काय आहे? रोज तेच तेच विचारतात.”

“मग तेच तेच लिहा.”

त्या वहीने पुढचे निम्मे वाद मिटवले. आज उघडं आहे का? किती वाजेपर्यंत? अमुक पुस्तक आहे का? सभासद कसं व्हायचं, कागदपत्रं काय लागतात? पुस्तकं दान द्यायची आहेत, घेता का? अभ्यासिकेत जागा आहे का? बहुतेक फोन या पाच-सहा प्रश्नांचे. अध्यक्षांचं मनोगत कुठे वाचायला मिळेल, असं विचारणारा एकही फोन वहीत नव्हता. मी वही बैठकीत नुसती फिरवली, त्यावर काही बोलले नाही.

त्यानंतरही मी काही रेखाटायला घेतलं नाही. आधी जुन्या वेबसाइटवरचं प्रत्येक पान एका तक्त्यात उतरवलं: पानाचं नाव, त्यावर काय आहे, ते कुणाला लागतं, शेवटचं कधी बदललं. हे काम कंटाळवाणं आहे आणि वेबसाइट करणारे बहुतेक जण ते टाळतात, पण मांडणीचं खरं काम इथेच होतं असं माझं मत आहे. कित्येक पानं एकमेकांची नक्कल होती. काही कार्यक्रमांची निमंत्रणं कार्यक्रम होऊन कैक वर्षं झाली तरी ‘आगामी’मध्ये बसली होती. जवळजवळ अर्धा मजकूर गळला, आणि जो उरला तो मांडायला एकदम सोपा वाटायला लागला.

मेनूचा प्रश्न चिठ्ठ्यांनी सुटला. उरलेल्या प्रत्येक पानाचं नाव एकेका चिठ्ठीवर लिहिलं आणि वाचनकक्षात बसणाऱ्यांना सांगितलं, तुमच्या मते जे एकत्र जातं ते एकत्र ठेवा आणि त्या गठ्ठ्याला नाव द्या. समितीच्या डोक्यात अभ्यासिका ‘उपक्रम’ या सदरात होती, कारण ती संस्थेने उपक्रम म्हणून सुरू केली होती. वाचकांपैकी कुणीही ती चिठ्ठी तिथे ठेवली नाही. त्यांच्या लेखी ती एक सोय होती, वेळापत्रकाशेजारी बसणारी. वापरायला सोप्या वेबसाइटींचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९४ मध्ये पक्क्या केलेल्या दहा सूत्रांमधलं एक हेच सांगतं: वेबसाइटने संस्थेच्या अंतर्गत भाषेत न बोलता वापरणाऱ्याच्या भाषेत बोलावं. मी ते आधी वाचलं होतं; पण टेबलावर चिठ्ठ्या सरकताना बघणं फार वेगळं. जुन्या लांबलचक मेनूतून शेवटी पाच नावं राहिली: वेळा, पुस्तक शोधा, सभासदत्व, अभ्यासिका, वाचनालयाविषयी. दानाचा मजकूर शेवटच्या पानात गेला आणि मुखपृष्ठाच्या तळाशी त्याला एक दुवा मिळाला.

सरकती छायाचित्रं काढायची म्हटल्यावर मात्र वातावरण तापलं. एक सदस्य म्हणाले, “मॅडम, मग संस्थेचं वैभव दिसणार कुठे?” प्रश्न रास्त होता. संस्थेची जुनी इमारत देखणी आहे आणि तिचा अभिमान असणारच. पण पहिलं चित्र पूर्ण पाहण्याआधी दुसरं येतं, त्यावरच्या ओळी वाचून होत नाहीत आणि पडद्याचा सगळ्यात महत्त्वाचा भाग त्यात जातो. शिवाय सुगम्यतेच्या, म्हणजे अपंग वाचकांनाही वेबसाइट वापरता यावी यासाठीच्या, डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांत स्पष्ट म्हटलं आहे की आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून जास्त वेळ हलत राहणाऱ्या मजकुराला थांबवण्याची सोय हवी. धावती पट्टीही त्याच कलमात अडकते. शेवटी एकच छायाचित्र ठेवायचं ठरलं, स्थिर, आणि वेळांच्या खाली. सदस्यांनी ते कोणतं असावं यावर दोन बैठका घालवल्या. मी त्यात पडले नाही.

मग प्रत्यक्ष मांडणी. ‘आधी मोबाइल’, म्हणजे मांडणी आधी फोनच्या छोट्या पडद्यासाठी करायची, हा विचार ल्यूक व्रोब्लेव्स्की या डिझायनरने २००९ मध्ये मांडला आणि इथन मार्कॉट या दुसऱ्या डिझायनरने २०१० मध्ये पडद्याच्या रुंदीप्रमाणे आकार बदलणाऱ्या वेबसाइटला ‘रिस्पॉन्सिव्ह’ हे नाव दिलं. दोन्ही गोष्टी आता इतक्या रुळल्या आहेत की कुणी त्यांचा उल्लेखही करत नाही, तरी माझ्यासारख्या छपाईवाल्या बाईला त्यांची सवय व्हायला वेळ लागतो. हात आपोआप रुंद पानाकडे जातो: डावीकडे हे, उजवीकडे ते, मध्ये गटर, म्हणजे दोन रकान्यांमधली मोकळी पट्टी. मी स्वतःवर बंधन घातलं. मुखपृष्ठाचा सगळा मजकूर एकाच अरुंद रकान्यात, एकाखाली एक, रंग नाही, चौकट नाही, फोटो नाही. अशा रकान्यात लपायला जागा नसते. ‘कशाच्या आधी काय’ याचा निर्णय घ्यावाच लागतो, कारण शेजारी ठेवून वेळ मारून नेता येत नाही. आज उघडं आहे की बंद, ही ओळ सर्वांत वर गेली. तिच्याखाली पुस्तक शोधायची चौकट. मग सभासदत्व. हा क्रम पटेपर्यंत मी दुसरं काही केलं नाही.

क्रम ठरल्यावर रुंदी वाढवत नेली आणि जिथे पान विस्कटतं किंवा ओळ वाजवीपेक्षा लांब होते तिथे रकाने वाढवले. अमक्या कंपनीच्या फोनची रुंदी इतकी, तमक्याची तितकी, अशा याद्या पाठ करण्यात अर्थ नाही. फोन दरवर्षी बदलतात. मजकूर कुठे मोडतो तेच पाहायचं. हे काम आता सोपं झालं आहे, कारण २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांमध्ये सीएसएस ग्रिड, म्हणजे वेबपानाचं दिसणं ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेतली रकाने आखायची सोय, चालते. आडवे-उभे रकाने आखणं छपाईत जितकं सहज होतं, जवळपास तितकं सहज. त्याआधी लोक तक्ते वापरून आणि चौकटी एका बाजूला तरंगत ठेवून काय काय कसरती करत, ते जुनी वेबसाइट उघडून पाहिल्यावर कळलं.

मोकळ्या जागेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण समितीला ती ‘वाया गेलेली’ वाटत होती. वेळापत्रकाचा भाग आधी असा होता: ‘देवघेव विभाग’ हे शीर्षक, खाली त्याच्या वेळा, मग ‘वाचनकक्ष’, खाली त्याच्या वेळा, आणि सगळ्या ओळींमधलं अंतर सारखं. वाचताना ‘वाचनकक्ष’ हे शीर्षक वरच्या वेळांचं की खालच्या, असा क्षणभर गोंधळ होई. जवळच्या गोष्टी डोळ्यांना एका गटातल्या वाटतात, हे मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी १९२३ मध्ये ठिपक्यांच्या ओळी काढून दाखवलं होतं. मी फक्त शीर्षकाच्या वरचं अंतर वाढवलं आणि खालचं कमी केलं: वर ३२ पिक्सेल, खाली ८. रेघ नाही, चौकट नाही, रंग नाही. गोंधळ संपला. पुढे सगळीच अंतरं ८ च्या पटीत ठेवली. ८ मध्ये काही जादू नाही. एक माप धरलं की पानोपानी तोच ताल राहतो, इतकंच. छपाईत ओळींच्या अंतराच्या पटीत सगळं बसवण्याची जी सवय होती, तीच इथे उपयोगी आली.

आता अक्षरं. वेबसाइटच्या मांडणीबद्दल जे शिकायला मिळतं ते बहुतांशी रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं असतं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. रोमनला पुरणारं ओळींतलं अंतर इथे कोंदट होतं. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जवळजवळ टेकतो. अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतर बऱ्याच ठिकाणी पुरेसं मानतात. मी पावणेदोनपट ठेवलं. शीर्षकांना थोडं कमी.

एका तयार नमुन्यातून घेतलेल्या शैलीत शीर्षकांच्या अक्षरांमध्ये थोडं जास्त अंतर दिलेलं होतं. रोमन मोठ्या अक्षरांना ते शोभतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते, आणि ‘वाचनालय’ हा शब्द सुट्या दातांसारखा दिसायला लागतो. मराठी वेबसाइटवर हे इतक्या ठिकाणी दिसतं की डोळे सरावलेत. ते अंतर सरळ शून्य करावं. तिरपी अक्षरंही टाळावीत. बहुतेक देवनागरी फॉन्टांना खरा तिरपा घाट नसतो, ब्राउझर सरळ अक्षरांनाच ढकलून वाकवतो. ठळक अक्षरांचंही तसंच. फॉन्टात ठळक वजन, म्हणजे अक्षरांचा जाड प्रकार, नसेल तर ब्राउझर स्वतःच अक्षर जाड करतो आणि ‘ध’, ‘क्ष’ यांच्या पोटातल्या पोकळ्या बुजतात. मी ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट घेतला, त्यात वजनं भरपूर आहेत, पण वापरली दोनच. देवनागरी फॉन्टात जोडाक्षरांमुळे आकृत्या खूप असतात, फाइल जड होते, आणि प्रत्येक वजनाची फाइल वेगळी उतरवावी लागते.

दुव्याखालच्या रेघेचाही असाच प्रश्न. रेघ अक्षरांना चिकटून आली की ‘पुस्तक’मधला उकार तिच्यात अडकतो. रेघ काढून टाका आणि नुसता रंग ठेवा, असं एकाने सुचवलं. पण मग रंग नीट न ओळखू येणाऱ्या वाचकाने दुवा शोधायचा कसा? रेघ ठेवली, जरा खाली सरकवली. सीएसएसमध्ये त्यासाठी एका ओळीची सोय आहे.

पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे हे सांगणारा संकेत जुन्या वेबसाइटवर नव्हता. तिथे इंग्रजीचा होता, नमुन्यातून तसाच आलेला. तो बदलल्याने दोन गोष्टी होतात. ज्या फॉन्टांत मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ वेगळा दिलेला असतो त्यांत तो आपोआप उमटू शकतो. आणि स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, कोणत्या भाषेत वाचायचं ते कळतं. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. एकदा तो लावून, पडदा बंद करून आपलीच वेबसाइट ऐकावी. जुन्या वेबसाइटवर दुव्यांची यादी ऐकली तर ‘येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, अधिक वाचा, येथे क्लिक करा’. नव्या वेबसाइटवर प्रत्येक दुवा स्वतःच बोलतो: ‘सभासदत्वाचा अर्ज भरा’, ‘अभ्यासिकेचे नियम’.

रंगांचा वाद मात्र मी मोजमापाने मिटवला. समितीला भगव्याकडे झुकणारा नारिंगी रंग हवा होता, त्याच्यावर पांढरी अक्षरं. डब्ल्यूसीएजीप्रमाणे साध्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ ला १ हवं, मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १. त्या नारिंगीवरच्या पांढऱ्याचं जेमतेम २ ला १ भरत होतं. फोन उन्हात नेऊन दाखवला तेव्हा फारसं बोलावं लागलं नाही. नारिंगी राहिला, पण पट्टीपुरता. त्यावरची अक्षरं गडद तपकिरी झाली. तारखा आणि छायाचित्रांच्या ओळींना असलेला फिकट राखाडीही गेला. तो नाजूक दिसतो म्हणून सगळे वापरतात आणि चाळिशीनंतरचे डोळे त्याला शिव्या घालतात.

कच्ची वेबसाइट तयार झाल्यावर वाचकांपैकी काही जणांना एकेक करून बसवलं. मोठा ताफा लागत नाही. पाच जणांच्या चाचणीत बहुतेक अडचणी वर येतात, असं नील्सन यांनीच २००० साली मांडलं होतं. प्रत्येकाने स्वतःचा फोन आणायचा, मी एक काम सांगायचं आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार अवघड आहे. माणूस बरोबर बटणाशेजारी बोट नेऊन परत फिरतो आणि आपली जीभ वळवळते.

एक निवृत्त काका आले. त्यांच्या फोनवर अक्षरं सर्वांत मोठी केलेली होती. शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन चौकटींपैकी एकीत ‘सभासदत्व’ हा शब्द मावेना. ‘सभास’ एका ओळीत आणि ‘दत्व’ खालच्या ओळीत. काका शांतपणे म्हणाले, “हे सभास म्हणजे काय हो?” चौकटींची किमान रुंदी पिक्सेलमध्ये दिलेली होती. ती अक्षराच्या आकाराच्या पटीत दिल्यावर अक्षरं वाढली की चौकटी आपोआप एकाखाली एक येतात. काकांना परत बोलावून त्यांच्याच फोनवर दाखवलं.

एका विद्यार्थिनीला अभ्यासिकेच्या जागेसाठी अर्ज करायचा होता. ती नारिंगी पट्टीतल्या ‘अभ्यासिका’ या शीर्षकावर पुन्हा पुन्हा बोट मारत राहिली, कारण ते बटणासारखं दिसत होतं. खरं बटण छायाचित्र असलेल्या सुबक चौकटीत होतं. तिकडे तिने पाहिलंच नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, “ती जाहिरात वाटली, म्हणून सोडून दिली.” सजवलेल्या चौकटी गाळायची सवय लोकांच्या डोळ्यांना लागलेली आहे, त्याला आता इलाज नाही. छायाचित्र काढलं, बटण साधं आणि भरीव केलं, शीर्षकांमागचा रंग पुसला. जे दाबता येतं त्यालाच रंगाची भरीव चौकट, इतर कशालाही नाही, हा नियम तिथून सगळीकडे लागू झाला. बटणं बोटाला सापडतील इतकी उंचही केली. २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितलेत. मी ४४ धरले. बोटं सगळ्यांची सारखी नसतात आणि काहींची थरथरतात.

याच चाचण्यांत पुस्तक शोधण्यातली एक गंमत उघडकीला आली. नावात ‘किनाऱ्यावर’ हा शब्द असलेलं पुस्तक कपाटात होतं, सूचीत होतं, शोधलं की मात्र मिळत नव्हतं. मराठीतला हा ‘ऱ्’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या सांकेतिक पद्धतीत, एकापेक्षा जास्त तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला ते वेगळे शब्द. सूची एका कळफलकाने भरलेली, वाचक दुसऱ्याने टंकणार. शोधण्याआधी दोन्ही बाजूंची अक्षरं एकाच रूपात आणायची सोय प्रोग्रॅमरने केली, आणि बरोबर ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही सैल केला. ‘काहीही सापडलं नाही’ असं कोरडं सांगणारं पान बदलून तिथे काउंटरचा फोन आणि ‘लेखकाच्या नावाने शोधून पाहा’ ही सूचना दिली. दिसण्यात यातलं काहीच येत नाही, पण वाचकाच्या लेखी वेबसाइट चांगली की वाईट हे इथे ठरतं.

वेगाचं काम तसं रुक्ष होतं. इमारतीचं छायाचित्र कॅमेऱ्यातून आलं तसंच चढवलेलं होतं. ते पडद्याला लागेल एवढंच केलं. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा आणि पान भरताना मजकूर उड्या मारू नये, या गूगलच्या कसोट्या आहेत. छायाचित्रांची लांबी-रुंदी कोडमध्ये आधीच लिहून ठेवली की त्यांची जागा राखली जाते आणि वाचत असलेली ओळ पायाखालून सरकत नाही.

वेबसाइट सुरू झाली. ती रोज चालवणार काउंटरवरच्या ताई, म्हणून त्यांच्यासाठी दोनच गोष्टी उघड्या ठेवल्या: वेळा आणि सूचना. सुट्टीची तारीख भरली की वरची ‘आज उघडं आहे’ ही ओळ आपोआप बदलते. सूचना लिहिताना ती कधी उतरवायची ती तारीख भरावीच लागते. न भरता सूचना चढत नाही. त्यावर पहिल्याच आठवड्यात तक्रार आली, “एखादी सूचना कायमची ठेवायची असेल तर?” कायमची असेल तर ती सूचना नाही, तिला पानावर जागा शोधू, असं उत्तर दिलं आहे. जुने वार्षिक अहवाल अजून स्कॅन केलेल्या चित्रांच्या रूपातच आहेत; त्यातला शब्द शोधता येत नाही, फोनवर वाचायचे तर पान डावी-उजवीकडे ओढत बसावं लागतं. ते टंकून घ्यायचं काम सुरू आहे, सर्वांत अलीकडच्या अहवालापासून मागे.